गाडीचं छत पुन्हा पुन्हा फडफडतंय? शीटचा आणखी एक थर लावण्याआधी हे वाचा

लक्षण असं असतं. गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा बेस वाढवला की मागच्या सीटच्या डोक्यावर कुठेतरी तेलाचा रिकामा डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. छताला आतून डॅम्पिंग शीट (पत्र्याचा कंप जिरवणारं चिकट रबरी शीट) लावून घेतलं की दोन-तीन महिने बरे जातात. मग पुन्हा तोच आवाज सुरू होतो, आणि पुष्कळदा तो आधीपेक्षा वेगळ्या सुरावर येतो. दुकानात गेलं की उत्तर ठरलेलं असतं: शीट कमी पडलं, आणखी एक थर टाकू.

माझ्या हॅचबॅकला हे तीनदा झालं. मागे १२ इंची सबवूफर (खालचा बेस वाजवणारा मोठा स्पीकर), पोर्टेड बॉक्स (म्हणजे हवा आतबाहेर जायला पोर्ट, अर्थात भोक, असलेली पेटी), १००० वॉट आरएमएसचा मोनो अँप्लिफायर, एवढीच माझी सिस्टिम. कार ऑडिओच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या मानाने ती काहीच नाही. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे, म्हणजे पत्रा हा माझा रोजचा धंदा. कारखान्यात पत्रा मऊ पडला तर त्याला बीड (उठावाची रेघ) मारायची, कडा वळवायची, खाली पट्टी द्यायची, हे मी झोपेतही सांगेन. स्वतःच्या गाडीच्या वेळी मात्र कोणीतरी चकचकीत फॉइलचं शीट दाखवलं आणि मी मान डोलावली. दोनदा पैसे गेल्यावर, तिसऱ्या वेळी मी रूफ लायनिंग (छताचं आतलं अस्तर) उतरवलं. तेव्हा जे दिसलं ते इथे नीट लिहितो आहे, कारण नाशिकच्या कार ऑडिओ ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि त्याला तेच चुकीचं उत्तर मिळतं.

आधी खात्री करा की आवाज पत्र्याचाच आहे

सबवूफरचा स्वतःचा दोष आणि पत्र्याचा दोष कानाला सारखे वाटू शकतात. अँप्लिफायरचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) जास्त लावला असेल तर सिग्नल क्लिप होतो, म्हणजे त्याचे शेंडे छाटले जातात, आणि बेस फाटल्यासारखा येतो. बॉक्सचा सांधा सुटला असेल तर फुसफुस येते. पोर्ट अरुंद असेल तर जोराच्या बेसला वारा घुसल्यासारखी भरभर ऐकू येते. यांतलं काही असेल तर छताला कितीही मजबुती द्या, फरक पडणार नाही. डिकी उघडा, बॉक्स तसाच तारा जोडलेला ठेवून मागे जमिनीवर घ्या आणि तोच सूर मध्यम आवाजात वाजवा. बाहेरही फाटका वाजला तर छताला हात लावायचं कारण नाही.

गाणं लावून शोधाशोध करू नका. गाण्यात सूर सतत बदलतात, आवाज पकडेपर्यंत निघून जातो. मोबाईलवर टोन जनरेटरचं कुठलंही साधं ॲप घ्या आणि ३० हर्ट्झपासून १०० हर्ट्झपर्यंत दोन-दोन हर्ट्झने वर जा. प्रत्येक सुराला पाचेक सेकंदच द्या, कारण सलग शुद्ध सुराने व्हॉइस कॉइल (स्पीकरमधलं तारेचं वेटोळं) गाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. कुठल्या आकड्याला फडफड सुरू झाली, कुठे सगळ्यात जास्त आली आणि कुठे थांबली, हे तीन आकडे वहीत लिहा. हा कागद पुढे फार कामाला येतो. मी पहिल्या दोन वेळी तो केला नाही, म्हणूनच आवाजाची जागा बदलतेय हे मला कळायला वर्ष गेलं.

ही चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये करू नका. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र असतं. मी गाडी घेऊन दिंडोरीकडे मामाच्या द्राक्षबागेवर गेलो. पॅकिंग शेडच्या मागे, वस्तीपासून लांब. कानात फोमचे बोळे घाला, हा सल्ला हलक्यात घेऊ नका. बंद गाडीत एवढ्या दाबाखाली अर्धा तास काढला तर कान शिट्टी मारायला लागतात, आणि ती शिट्टी काहींची कायमची राहते.

खडखड वेगळी, फडफड वेगळी

दोन कडक वस्तू एकमेकींवर आपटतात ती खडखड. नंबर प्लेट, पार्सल ट्रे, प्लास्टिकची क्लिप, लायनिंगच्या आत मोकळी लोंबणारी वायर, दिव्याचं कव्हर. ही हाताने दाबली की थांबते. एकाने सूर थांबून थांबून लावायचा आणि दुसऱ्याने एकेक वस्तू तळहाताने दाबत जायचं. दहा मिनिटांत निम्म्या जागा सापडतात. उपाय स्वस्त आहेत: नंबर प्लेटच्या मागे फोमची पट्टी, वायरला कापडी टेप, क्लिपच्या बुडाला फेल्टचा तुकडा. डिकीच्या दाराच्या दोन्ही कडांना रबरी ठोकळे असतात, ते फिरवून वरखाली करता येतात. कागदाची पट्टी ठोकळ्यावर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर तो ठोकळा दाराला टेकतच नाहीये. एवढं केल्यानेच कित्येकांचं काम भागतं.

फडफड म्हणजे अख्खा पत्रा आतबाहेर होणं. ती एका बोटाने थांबत नाही, आवाज खोल आणि पोकळ येतो. तिची खूण म्हणजे काच. जो सूर सगळ्यात त्रास देतो तो चालू ठेवा आणि पुढची एक काच चार बोटं खाली करा. आवाज एकदम निम्म्यावर आला तर पत्रा गाडीतल्या हवेच्या दाबाने वाकतोय. तसाच राहिला तर कंप स्पीकरच्या स्क्रूमधून किंवा बॉक्सच्या बुडातून पत्र्यात उतरतोय, मग आधी बॉक्स घट्ट बांधा आणि दाराच्या स्पीकरखाली फोमची रिंग द्या.

छतावर नेमकं काय चाललंय हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर रवा घ्या. मी घरातून वाटीभर जाड रवा घेतला तेव्हा आईने विचारलं, "अरे, शिरा करायचाय का बागेवर?" रवा पुसलेल्या, कोरड्या छतावर पातळ पसरला आणि सूर थांबून थांबून लावला. ४१ हर्ट्झला मागच्या अर्ध्या भागातला रवा उकळत्या पाण्यासारखा नाचायला लागला आणि दोन मिनिटांत तिथून सरकून कडांना आणि पुढच्या आडव्या पट्टीच्या रेषेवर जमला. जिथे पत्रा हलतो तिथून कण पळतात, जिथे स्थिर असतो तिथे थांबतात. अर्न्स्ट क्लाडनी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ मध्ये धातूच्या तबकड्यांवर वाळू पसरून हेच दाखवलं होतं. रांगोळी मात्र वापरू नका, ती दगडाची पूड असते आणि रंगावर बारीक ओरखडे पाडते. कण उडायला पत्रा फार हलावा लागतो असंही नाही. ४१ हर्ट्झला मध्यापासून दीड दशांश मिलिमीटरची हालचाल पुरते. एवढीशी हालचाल बोटाला जेमतेम कळते, रव्यावर लगेच दिसते.

माझ्या छताला तीन आडव्या पट्ट्या आहेत. पुढची आणि मधली यांच्या रेषेवर रवा शांत होता. मागच्या पट्टीच्या बरोबर वर मात्र तो नाचत होता. जिथे आधार आहे तिथेच पत्रा हलतोय, याचा अर्थ आधार सुटला आहे.

पट्टी आणि पत्रा यांच्यामधला तो मऊ गोळा

हा भाग नीट समजून घ्या, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते आणि रूफ लायनिंग उतरवल्याशिवाय तो दिसत नाही.

छताचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड. तो कडांना वेल्ड केलेला असतो, पण खालच्या आडव्या पट्ट्यांना तो मधल्या भागात वेल्ड करत नाहीत, नाहीतर वरून स्पॉटचे डाग दिसतील. पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये काही मिलिमीटरची फट ठेवतात आणि तिच्यात ठिकठिकाणी मॅस्टिकचे गोळे असतात. मऊ, रबरासारखे, रंगाच्या भट्टीत फुगून दोन्हीकडे चिकटलेले. पत्रा फडफडू नये एवढंच त्यांचं काम. दारातही तसंच असतं: धडकेपासून वाचवणारी जी आडवी नळी दारात असते, तिच्यात आणि बाहेरच्या पत्र्यात असेच गोळे दिलेले असतात.

गाडी दहा-बारा वर्षं एप्रिल-मेच्या उन्हात उभी राहिली की हे गोळे वाळतात, आकसतात आणि एका बाजूने सुटतात. त्यात आपण सबवूफर लावतो. माझ्या मागच्या पट्टीवरचे सहाही गोळे पट्टीला चिकटलेले होते, पत्र्यापासून मात्र सुटलेले. फटीत व्हिजिटिंग कार्ड घातलं तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेलं. हीच तपासणी तुम्हीही करा. कार्ड अडलं तर गोळा धरून आहे, आरपार गेलं तर सुटला आहे.

वडाळा नाक्याकडे एक जुने डेंटर आहेत, सगळे त्यांना चाचाच म्हणतात. लायनिंग उतरवलेली गाडी मी त्यांना दाखवायला नेली. त्यांनी आतलं काही पाहिलंच नाही. बाहेरून बोटाच्या पेराने छतावर पुढून मागे टकटक करत गेले. पुढे 'ठक्', मध्ये 'ठक्', मागे 'डब्ब'. म्हणाले, "दादा, पत्रा मोकळा झालाय. त्याला टेकू पाहिजे, तुम्ही गोधड्या घालत बसलात."

गोधड्यांनी काम का बिघडलं

ब्युटाइल शीट, म्हणजे हेच फॉइल लावलेलं रबरी शीट, वाईट नाही. ते कशासाठी आहे हे न बघता वापरलं की पैसे जातात.

पत्र्याचा स्वतःचा एक सूर असतो, घंटेचा असतो तसा. तो दोन गोष्टींवर ठरतो: ताठपणा आणि वजन. ताठपणा वाढला की सूर वर जातो, वजन वाढलं की खाली येतो. पाऊण मिलिमीटरच्या आसपासचा पोलादी पत्रा चौरस मीटरला साडेपाच किलो भरतो. २ मिलिमीटरचं ब्युटाइल शीट चौरस मीटरला साधारण ३ किलो. दोन थर लावले की छताचं वजन दुपटीवर जातं. वजन दुप्पट झालं आणि ताठपणा जवळपास तेवढाच राहिला, तर सूर मूळच्या सात दशांशावर येतो. माझ्या छताचा मूळ त्रास ५८ हर्ट्झच्या आसपास होता. नाशिक ढोलाच्या रेकॉर्डिंगमध्ये थाप पडली की मागून डबा वाजायचा. दुसरा थर लागल्यावर ढोल स्वच्छ झाला, मी खूश होऊन घरी आलो, आणि आठवड्याने लक्षात आलं की आता लांबट, खालच्या बेसला छत थरथरतंय. ५८ चे सात दशांश म्हणजे ४१. रव्याने दाखवलेला आकडा तोच. पहिल्या आजाराला दिलेल्या औषधाने दुसरा आजार आणला होता, आणि दुकानदार त्यावर तेच औषध आणखी द्यायला निघाला होता.

शीटचं काम कंप जिरवण्याचं आहे. ताटावर चमचा मारून बोट टेकवलं की नाद मरतो, तसं. पत्रा स्वतःच्या सुरावर गुणगुणत असेल तिथे ते छान चालतं: दारात, चाकाच्या कमानीवर, टायरच्या आवाजाला. पण सबवूफरचा खालचा बेस पत्र्याच्या सुराच्या खाली असतो, तेव्हा पत्रा घुमत नसतो, सरळ ढकलला जात असतो. ढकलण्याला फक्त ताठपणा थांबवतो.

ढकलणं किती? मित्राच्या मीटरवर माझ्या गाडीत १३४ डेसिबल आले होते. मोबाईलच्या ॲपने हे मोजू नका, त्याचा माइक याच्या कितीतरी आधी दबतो. १३४ डेसिबल म्हणजे सरासरी १०० पास्कल, शिखराला १४१. छत सव्वा मीटर बाय १.४ मीटर धरलं तर पावणेदोन चौरस मीटर. हिशेब केला तर शिखराला पंचवीस किलोचा जोर येतो. म्हणजे सिमेंटची अर्धी गोणी सेकंदाला चाळीस वेळा छताला खालून वर ढकलते आणि तितक्याच वेळा खाली ओढते. १४० डेसिबलला हा जोर दुप्पट होतो. एवढ्या जोरापुढे फॉइल लावलेलं रबर काय करणार?

शीट पुन्हा पुन्हा सुटतं त्याचं कारण

पहिला थर मी जानेवारीत लावून घेतला होता, सकाळी साडेआठला, उघड्या शेडमध्ये. जानेवारीत नाशिकचा पारा पहाटे दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी खाली. त्या वेळी पत्रा बर्फासारखा गार असतो. ब्युटाइल गार पत्र्याला चिकटल्यासारखं दिसतं, पण पृष्ठभागात बसत नाही. एप्रिलमध्ये छतावर हात ठेववत नाही इतकं ते तापलं आणि शीटचे कोपरे खाली लोंबून लायनिंगला घासायला लागले. तो आवाज मी पत्र्याचा समजलो. डांबरी शीट असेल तर उन्हात ते वितळून लायनिंगवर काळे डागही पडतात. छताला डांबरी शीट लावूच नका, मग ते कितीही स्वस्तात मिळो.

लावायचंच तर दुपारी लावा किंवा हीट गनने पत्रा कोमट करा. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, छताच्या आतल्या बाजूलाही तेलकट थर असतो. फॉइलवरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवा. आणि अख्खं छत मढवू नका. प्रत्येक मोकळ्या चौकोनाच्या मध्यभागी एक तुकडा, एकूण क्षेत्राच्या पाव ते तिसरा हिस्सा, एवढं पुरे.

मजबुतीचं काम: मी काय केलं

बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो, मगच लायनिंगला हात लावला. माझ्या गाडीत पुढच्या दोनच एअरबॅग आहेत. तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग असतील तर त्या छताच्या दोन्ही कडांना, लायनिंगच्या आत घडी करून ठेवलेल्या असतात. त्या कडांवर शीट, फोम, पट्टी, गोंद, काहीही लावायचं नाही आणि त्यांचे कनेक्टर ओढायचे नाहीत. अशा गाडीत काम फक्त छताच्या मधल्या भागात करा, किंवा तसं काम रोज करणाऱ्याकडे द्या. याबाबतीत "चालून जाईल" म्हणणाऱ्या मेकॅनिककडे गाडी ठेवू नका.

दुसरा थर हीट गन आणि बोथट प्लास्टिकच्या पात्याने उतरवला. दोन संध्याकाळी गेल्या. पहिल्यातला जो भाग घट्ट होता तो राहू दिला.

मग सुटलेले गोळे. जुना मॅस्टिक खरवडून काढला, पत्रा पुसला आणि त्या जागी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरला, तोच जो काच बसवणारे वापरतात. इथे तीन गोष्टी सांभाळा. कडक इपॉक्सी वापरू नका. ती वाळताना आकसते आणि उन्हात तिरकं पाहिलं की छतावर बाहेरून दोरा उमटलेला दिसतो. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका; त्यातलं आम्ल पोलादाला गंज चढवतं. आणि खरवडताना उघडा पडलेला धातू प्रायमर लावल्याशिवाय झाकू नका.

पीयू हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळतो, दिवसाला साधारण ३ मिलिमीटर. वीस मिलिमीटर रुंद गोळा दोन्ही बाजूंनी वाळायला तीन-चार दिवस घेतो, म्हणून मी आठवडाभर सबवूफर बंद ठेवला. वाळेपर्यंत पट्टीखाली लाकडाचा टेकू दिला होता, वर कापडाची घडी घालून. टेकू नुसता टेकला पाहिजे. जोर लावलात तर छताला कायमचा फुगवटा येईल.

एवढ्यानेच निम्मं काम झालं. मधल्या आणि मागच्या पट्टीतलं अंतर मात्र मोठं होतं, म्हणून तिथे एक आणि मागच्या पट्टीपासून डिकीच्या काठापर्यंतच्या भागात एक, अशा दोन नव्या पट्ट्या टाकल्या. मामा म्हणाला, "बागेच्या मंडपाचे अँगल पडलेत, ने की त्यातला एक." पण २५ बाय २५ बाय ३ चा लोखंडी अँगल मीटरला १.१ किलो भरतो, आणि छताच्या गोलाईप्रमाणे तो वाकवणं सोपं नाही. मी १ मिलिमीटर पत्र्याचा टोपीच्या आकाराचा सेक्शन वाकवून घेतला, उंची २० मिलिमीटर. सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, पण तोच पत्रा उभा वळवला की त्याहून कितीतरी जास्त ताठपणा जवळपास फुकटात मिळतो. दोन्ही पट्ट्यांचं वजन मिळून दीड किलोच्या आसपास. शीटच्या दोन थरांनी याच छतावर दहा किलो वाढवले होते.

गोलाई जुळवणं हे यातलं खरं कौशल्य आहे. पुठ्ठ्याचा साचा छताला आतून लावा, जिथे अडेल तिथे कात्रीने कापा, पुन्हा लावा, सगळीकडे सारखी फट दिसेपर्यंत. मग पट्टी साच्याप्रमाणे वाकवा. पट्टी आणि छत यांच्यात ३ ते ४ मिलिमीटरची फट राहिली पाहिजे आणि ती पीयूने भरली पाहिजे. लोखंड लोखंडाला टेकलं की नवी खडखड जन्माला येते. पट्टीची टोकं कडेच्या आतल्या पत्र्याला धरलेली हवीत. मी ती आधीपासून असलेल्या भोकांमधून ब्रॅकेटने बांधली, नवं भोक एकही पाडलं नाही. वेल्डिंग तर नकोच. पातळ पत्रा उष्णतेने पाघळल्यासारखा वाकतो, आतलं गंजरोधक जळतं, लायनिंग आणि वायरिंग पेटू शकतं.

छत शांत झाल्यावर दुसरं काहीतरी बोलायला लागतं

हे होणारच. एक भाग ताठ झाला की पुढचा सगळ्यात मऊ भाग ऐकू यायला लागतो. माझ्याकडे तो मागचं दार निघाला. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं असतात आणि त्यांवर नुसता प्लास्टिकचा कागद असतो. ती भोकं मी २ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांनी बंद केली, स्क्रूने, कायमची चिकटवून नाही. काचेचं मशीन कधीतरी बिघडणारच, तेव्हा ते उघडता आलं पाहिजे. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं मोकळी ठेवा. नाशिकच्या पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूला एक फेरी झाली तरी दारात किती पाणी उतरतं ते ती भोकं बुजल्यावरच कळतं, आणि मग दार खालून कुजतं.

याच कारणासाठी फुगणारा फोम दारात किंवा चाकाच्या वरच्या पोकळीत भरू नका. एकाने मला तो फार आग्रहाने सुचवला होता. तो फुगताना बाहेरचा पत्रा ढकलतो, पाण्याच्या वाटा बंद करतो, कडेला ओल धरून ठेवतो आणि पुढे वायर ओढायची झाली तर हात घालायला जागा उरत नाही.

डिकीच्या तळाला किंवा आतल्या पॅनेलला फायबरची मॅट आणि रेझिन चांगलं बसतं. बाहेरून दिसणाऱ्या पत्र्याला मात्र नको, तिथेही रेझिन आकसून दोरा उमटतो. डिकीच्या तळात ड्रिल मारण्याआधी गाडीखाली वाकून पाहा, पेट्रोलची टाकी आणि नळ्या तिथून जातात. काचांना काही करू नका. पुढच्या काचेला आधीच बारीक तडा असेल तर तो भरून घेईपर्यंत आवाज खालीच ठेवा.

काम संपल्यावर पुन्हा बागेवर गेलो, तोच रवा, तेच ॲप, आवाजाचं बटण त्याच खुणेवर. ४१ ला रवा पडून राहिला. ५८ ला पडून राहिला. ७६ ला मागच्या कोपऱ्यात थोडा सरकला, तिथे एक वीतभर शीटचा तुकडा लावला आणि तोही थांबला. खालच्या बेसचा आवाज मात्र आधीपेक्षा भरलेला वाटतो, कारण जो दाब छत हलवण्यात जात होता तो आता गाडीतच राहतो.

लायनिंग परत चढवण्याआधी प्रत्येक पट्टीचा, प्रत्येक गोळ्याचा फोटो काढा, शेजारी मेझरिंग टेप धरून. पुढच्या वेळी पेराने टकटक करताना एखाद्या जागी 'डब्ब' आलं, तर अख्खं छत न उघडता नेमकं कुठे हात घालायचा ते त्या फोटोवरून कळतं. मी दर वर्षी मे संपताना आणि पावसाळा संपल्यावर एकदा अशी टकटक करून पाहतो.